निम्मी चंदी

सोमवार, तारीख विचारून लिहीन

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे टेबलावर पालथं ठेवलं असशील आणि मध्ये दोनदा कपडे वाळत घालून आली असशील. चालेल. मी राहायला येऊ का म्हणून विचारत नाहीये, हे आधीच सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

मी तुझ्या घरी आहे. म्हणजे जे तुझं घर होतं तिथे. आत नाही, तबेल्याच्या वरच्या खोलीत, जिथे गवत ठेवायचे. घोडे सांभाळणारा भाऊजींचा मोतद्दार न सांगता निघून गेला आणि मी नेमकी त्याच आठवड्यात इकडून जात होते. समुद्रावर पोरांना घोड्यावरून फिरवायचं काम संपलं, नंतर एका लाँड्रीत होते, तिथली बाई इस्त्री करताना इतकं बेसूर गायची की शर्टसुद्धा आकसायचे. ते असो. भाऊजींनी विचारलं, "किती दिवस टिकशील?" मी म्हटलं, "तुम्ही किती दिवस ठेवाल?" ते हसले नाहीत. आधी हसायचे का, ते तुला माहीत.

मुंगी माझ्या कानापर्यंत आली आहे. पाय सगळे लांब, ढोपरं सगळी सोललेली. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "भिंगरी मावशी, तू इथून जाशील कधी?" येशील कधी नाही, जाशील कधी! तुझीच पोर.

वकील अजून इथे आहे. नाव वाचून पत्र मिटू नकोस. तुला आठवतो तो घोडा राहिलेला नाही तो. पूर्वी अडथळ्याच्या प्रत्येक बांबूपुढे थांबून पुरावा मागायचा, हरकत घ्यायचा, आणि मग अंगावरचं माणूस खाली ठेवून निघून जायचा, तो आता गाईसारखा झालाय. मुंगी त्याच्यावर बसते, तो मान खाली घालून चालतो, ती म्हणेल तेव्हा उडी मारतो. पुढच्या महिन्यात घोड्यांच्या उड्यांचा शो आहे, लहान मुलांच्या गटात ती त्याला घेऊन उतरणार आहे. दोन वर्षं ती या एका गोष्टीच्या मागे आहे. मला म्हणाली, "आईला लिहिणार असशील तर लिही की तो शांत झाला. माझ्यामुळे झाला." मग जरा वेळाने, "नाहीतर नको लिहूस."

लिहिलं.

एक सांगू? तिने खांद्याचं हाड मोडून घेतलं तेव्हा तू म्हणालीस की हा घोडा तरी जाईल नाहीतर मी तरी जाईन. ती म्हणाली, "मग जा." ठीक आहे, म्हणाली. अकरा वर्षांची होती, ताई. अकरा वर्षांचं माणूस माझ्याशीही असंच बोलतं, मी कुठे मनावर घेते.

तुझी,
भिंगरी

गुरुवार, १२

ताई,

हातमोजे पोचले. चिठ्ठी नव्हती, पण पाकिटावर तुझा "र" होता, ज्याचं शेपूट तू विनाकारण लांबवतेस. मुंगीने ते घेतले आणि सरळ घोड्यांच्या दाण्याच्या, चंदीच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा घातलेले होते. मऊ चामडं आहे, चांगले आहेत. फार आवडले तिला. बस्स, हातमोज्यांबद्दल एवढंच.

इथलं रोजचं सांगते. सकाळी लीद काढायची, पाणी, मग चंदी मोजून घालायची, मग खरारा. शेजारी बर्फाचा कारखाना आहे तो तुझ्या वेळेला होता का? त्याचा भोंगा वाजला की बाकीचे घोडे कान हलवतात आणि वकील भिंतीला लाथ मारतो. आत्याबाई अजून आहे, आंधळी झाली एका डोळ्याने, पण शिकाऊ पोरांना पाठीवर घेऊन अजून तशीच झोपेत चालते. मला ती फार आवडते. मला वाटतं माझ्या आयुष्यात मी इतकं एका जागी राहिलेलं कोणालाच पाहिलं नाही.

वकिलाला सकाळी आधी मी जरा फिरवून आणते. पाय मोकळे व्हायला. मग शाळेच्या आधी मुंगी बसते. तिने शिकवणीत एक गोष्ट पक्की केली आहे, वकील मंदावला की दोन्ही टाचा लावायच्या, हात सैल सोडायचे आणि पुढच्या अडथळ्याकडे बघायचं. भाऊजी कुंपणाशी उभे राहून ओरडतात, "टाच! टाच! तो थांबायच्या आधी टाच!" आणि ती बरोबर लावते. बघायला छान वाटतं गं. पाठ ताठ, हनुवटी वर. पूर्वी तू फोटोत अशी बसायचीस.

तू यावंस असं ती म्हणाली नाही. तिने फक्त शोच्या जागेचा पत्ता मला दोनदा वाचून दाखवला आणि म्हणाली, "तुझ्या लक्षात राहत नाही ना काही, म्हणून." पत्ता आणि तारीख मागच्या बाजूला लिहिली आहे.

भिंगरी

रविवार, १५ किंवा १६

ताई,

पहिल्या पत्रात मी तुला एक गोष्ट खोटी लिहिली आणि दुसऱ्यात तीच अर्धी खरी लिहिली. आज पाऊस आहे, घोडे आत आहेत, तेव्हा पूर्ण लिहिते.

वकील शांत झालेला नाही. मी त्याला दमवते.

झुंजूमुंजू झालं की मी त्याला मागच्या शेतात घेऊन जाते, जिथे घरातून दिसत नाही. चढावर चौखूर, उतारावर दुडकी, पुन्हा चढ. तोंडाला फेस येईपर्यंत. मग ओढ्यातून चालवत आणते, अंग धुते, पुसते, कोरडा करते, आणि मुंगी केस विंचरून येते तोवर तो मान खाली घालून उभा असतो. ती त्याच्या कपाळावर हात ठेवते आणि म्हणते, "शहाणा माझा." मी तिथेच उभी असते, बादली घेऊन.

हे भाऊजींनी सांगितलं. पहिल्याच दिवशी. म्हणाले, "ती पडल्यापासून तिच्या पोटात भीती आहे. शांत घोड्यावर बसली तर भीती जाईल. भीती गेली की मग हळूहळू खरा घोडा देऊ. तोवर पोरीला कळता कामा नये." मी म्हटलं, "आधीचा मोतद्दार पण हेच करायचा?" ते म्हणाले, "तू घोडा बघ." म्हणजे करायचा.

मला वाटलं, चांगलंच तर आहे. भीती घालवायला केलेलं. आणि खरं सांगू, ताई, पहाटेचा तो वकील! असा घोडा मी कधी पाहिला नाही. सगळं अंग म्हणजे वाद. मला वर बसू देतो ते निव्वळ मला कसं पाडायचं याचा विचार करायला वेळ मिळावा म्हणून. मी आजवर एका ठिकाणी टिकले नाही ती इथे टिकले याचं कारण तो आहे, मुंगी नाही, हे वाईट वाटलं तरी लिहून टाकते. पण "हळूहळू" कधी येणार हे मी भाऊजींना विचारलं की ते नाल बघायला वाकतात.

दुसरं म्हणजे तो हल्ली दमत नाही. आधी दोन चढांत दमायचा, आता किती पळवला तरी अंगात आग. मला खाली ठेवून एकटा घरी आला परवा. मी भाऊजींना म्हटलं, "याची चंदी कमी करू का?" ते म्हणाले, "शोला घोडा हाडकुळा दिसायला नको. जास्त पळव." तर मी जास्त पळवते. आणि मुंगी बसते तेव्हा तो बिचारा खरंच रेंगाळतो, आणि ती टाच लावते.

चंदीचं पोतं फार लवकर खाली बसतंय. उंदीर झालेत. बर्फाच्या कारखान्यातून एक मांजर उचलून आणलं. ते चंदीच्या पोत्यावर झोपतं आणि उंदीर बहुतेक त्याच्या अंगावरून जातात. मुंगी त्याला "साहेब" म्हणते.

हे सगळं वाचून तू लगेच येशील आणि तिला ओढून नेशील, नाहीतर कधीच येणार नाहीस. मला काय, मी निघून जाणारी आहे. पण ती हातमोजे उशाखाली ठेवून झोपते. तिने ते सांगू नको म्हटलं होतं.

भिंगरी

शोच्या मैदानावरून, शुक्रवार

ताई,

कार्ड छोटं आहे. कालच आलो. ट्रक दुसऱ्या तबेल्याच्या घोड्यांबरोबर वाटून घेतला होता, त्यांना लवकर यायचं होतं, म्हणून आम्हीही लवकर आलो. इथे सरावाच्या मैदानात नवीन वाळू टाकतायत, ते शोच्या सकाळीच उघडणार. आणि नियम असा की इथे आल्यावर ज्याचं नाव लावलंय त्यानेच घोड्यावर बसायचं. म्हणजे मी नाही. दोरीला बांधून गोल फिरवायला एक रिंगण आहे, पण तिथे सगळे बाकावर बसून एकमेकांचे घोडे बघतात. भाऊजी म्हणाले, "तिथे नेला तर उद्या सगळे म्हणतील, याच्या घोड्याला दमवल्याशिवाय पोर बसू शकत नाही." मी म्हटलं, "मग खरंच म्हणतील." ते म्हणाले, "निम्मी चंदी घाल. उभा राहणाऱ्या घोड्याला पूर्ण चंदी द्यायची नसते. निम्मी घातली की राहील शांत."

निम्मी घालतेय. शांत नाही.

उद्या सकाळी. लाल खांबाशेजारच्या मैदानात.

भि.

मंगळवार, घरी

ताई,

मुंगीला काही झालेलं नाही. तळहात सोलवटले आहेत आणि कंबर दुखतेय. हे वर लिहिते म्हणजे तुला खालचं वाचताना धीर राहील. वकील गेला.

सकाळी सरावाचं मैदान उघडलं. मी त्याला आणला तेव्हा दोन माणसं बाजूला झाली. तो चालत नव्हता, नाचत होता, शेपूट झेंड्यासारखं. भाऊजींना म्हटलं, "तिला सांगा. हा तो घोडा नाही हे आत्ता तरी सांगा." ते खोगिराचा तंग आवळत होते. वर न बघता म्हणाले, "आता सांगितलंस तर ती घाबरेल. घाबरली तर पडेल. गप्प बस." आणि मी, जी कधी कुठे गप्प बसले नाही, ती गप्प बसले.

मुंगी वर बसली. तो उधळला, तिने आवरला. पुन्हा उधळला, पुन्हा आवरला. आणि ताई, ती हसत होती! माझ्याजवळून जाताना ओरडली, "मावशी, बघ ना किती ताजा झालाय! मी म्हटलं नव्हतं?" मला ती काय म्हणाली होती ते आठवेना. तिने मला तसं काही म्हटलंच नव्हतं.

तिचं नाव पुकारलं. पहिला अडथळा त्याने असा ओलांडला की शेजारच्या माणसाच्या हातातला चहा सांडला. दुसरा, तिसरा. तो वाद घालत होता आणि ती त्याच्याशी बोलत होती, ओठ हलताना दिसत होते. तो माझा पहाटेचा वकील होता, आणि ती त्याच्यावर बसली होती. खरंच बसली होती. मी भाऊजींकडे पाहिलं, त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती.

मग तो मंदावला. आधी मला वाटलं, आला ताळ्यावर. पण अंगावर घाम एकदम पाण्यासारखा धावला आणि मागचे पाय आखडले, बांधल्यासारखे, छोटी छोटी पावलं. मी दमलेला घोडा रोज पाहते, दमलेला घोडा असा चालत नाही. मी ओरडले. ऐकू जाणार थोडंच. तिच्या दृष्टीने तो रोजचा वकील होता, रोज या वेळेला मंदावतो तसाच मंदावलेला. तिने हात सैल सोडले, पुढच्या अडथळ्याकडे पाहिलं आणि दोन्ही टाचा लावल्या.

बरोबर लावल्या. आम्हीच शिकवल्या होत्या.

पुढचं अंग उडालं, मागचं उडालंच नाही. बांबूंवर कोसळला. ती बाजूला फेकली गेली, लोळली आणि उठून उभी राहिली. तो कुत्र्यासारखा मागच्या अंगावर बसून राहिला आणि उठायला बघत राहिला. मागचा एक पाय नको त्या जागी वाकत होता.

डॉक्टर आले. त्यांनी मांडी दाबली, ती लाकडासारखी होती. खाली वाळूत लघवी झाली होती, कोऱ्या चहाच्या रंगाची. ते म्हणाले, "पाय पडल्यावर मोडला, पण स्नायू आधीच धरले होते. रोज कामाचा घोडा आहे ना हा? दोन दिवस उभा होता? मग चंदी कमी नाही केलीत?"

"निम्मी केली," भाऊजी म्हणाले.

"निम्म्या चंदीवर असं होत नाही. भरपूर चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा एकदम पळवला तरच स्नायू असे धरतात."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "निम्मीच घातली." त्यांनी मला आडोशासाठी ट्रकमधून ताडपत्री आणायला पाठवलं. मी धावले. ट्रकपाशी... ते नंतर लिहीन. ताडपत्री आणली, चार जणांनी कोपरे धरले, मी एक धरला होता. मुंगीला आत येऊ दिलं नाही. ती बाहेर उभी राहून सारखी विचारत होती, "त्याला उठवलं का? उठवलं का?"

ट्रकमधून परत येताना भाऊजी मला म्हणाले, "सोमवारपर्यंत दुसरीकडे बघ. तुझा हात सैल आहे, चंदी घालतानासुद्धा." मी म्हटलं, "बरं." एरवी कोणी जा म्हणायच्या आधीच मी पिशवी भरलेली असते. सोमवार काल गेला. पिशवी भरलेली नाही.

भिंगरी

शुक्रवार

ताई,

काल शाळेतून आल्यावर मुंगी माझ्या खोलीत आली. जिना चढताना कंबर धरत होती. दप्तर उघडलं आणि त्यातून तोबरा काढून माझ्या गादीवर ठेवला. घोड्याच्या तोंडाला बांधून चंदी खायला घालायची ती पिशवी, लहान होती, शिंगराची असेल. तळाशी दाणे चिकटले होते.

"तू घातलीस निम्मी," ती म्हणाली. "बाकीची मी घातली."

साहेब येऊन तोबऱ्यात तोंड घालायला लागला, तिने त्याला ढकलला.

"तो सारखा दमलेला असायचा, मावशी. माझ्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या की धापा टाकायचा. मला वाटलं आत काहीतरी आजार आहे. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी विकला असता, ते कुठे आजारी घोडा ठेवतात? म्हणून मी शाळेतून आले की रोज एक तोबरा द्यायचे. अंगात ताकद यावी म्हणून. शोला तुम्ही निम्मी केलीत, मला राग आला. मी तिथे दोन दोन दिले." मग म्हणाली, "आणि ताकद आली पण होती. तू पाहिलंस ना? आली होती."

ताई, मी तो घोडा दमवत होते म्हणून ती त्याला खाऊ घालत होती. ती खाऊ घालत होती म्हणून तो दमत नव्हता. तो दमत नव्हता म्हणून मी जास्त दमवत होते. आणि उंदरांसाठी मांजर आणलं होतं.

ती म्हणाली, "मी मारला त्याला."

मला वाटलं, गप्प बसले तर चालेल का? भाऊजींना वाटतं मी मारला, तिला वाटतं तिने मारला, मी उद्या निघून जाईन आणि हे असंच राहील. पण मैदानावर एकदा गप्प बसून पाहिलं होतं. म्हणून सांगितलं. सगळं. मागचं शेत, चढ, फेस, ओढा. आधीचा मोतद्दार पण. भाऊजींनी का करायला लावलं ते पण, म्हणजे तिच्या पोटातली भीती.

मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. काय मूर्ख आहे मी.

ती तोबऱ्याच्या तळाचे दाणे नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो माझ्यामुळे शांत झालाच नव्हता."

"नाही."

"शहाणा म्हटलं की कान हलवायचा ते?"

"झोप येत असेल त्याला."

"म्हणजे मी त्याच्यावर कधी बसलेच नाही."

"बसलीस," मी म्हटलं. "त्या दिवशी बसलीस. तीन अडथळे. मी पाहिलं, तुझ्या बाबांनी पाहिलं. तो खरा वकील होता आणि तू त्याला आवरलास. मला तो रोज पाडायचा."

"आणि मग मी त्याला टाच लावली," ती म्हणाली.

ती उठली, तोबरा घेतला आणि खाली गेली. मी मागोमाग गेले. भाऊजी खोगिराला तेल लावत बसले होते, वकिलाच्याच खोगिराला, ते आता कोणावर चढवायचं देव जाणे. तिने तोबरा त्यांच्या पुढ्यात ठेवला. "चंदी मी घातली. मावशीने निम्मीच घातली होती. आणि मला शेताचं कळलंय."

भाऊजींचा हात थांबला नाही. फडकं फिरतच राहिलं, एकाच जागी. मग म्हणाले, "आत्याबाई सकाळपासून उभी आहे. तिला जरा फिरवून आण."

"बाबा, मी काय म्हणाले?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? फिरवून आण." आणि मग अगदी हळू, "मी पण विचार करतोय गं, मग काय."

तिने आत्याबाईला बाहेर काढलं. बसली नाही, लगाम धरून चालत राहिली, घोडी तिच्या मागे झोपेत. मी कुंपणाशी उभी होते. तिसऱ्या का चौथ्या फेरीला माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "आई आली नाही ते बरं झालं. तिला वाटलं असतं, तीच बरोबर होती."

आता ट्रकपाशी काय झालं ते.

तू आली होतीस. मी ताडपत्री ओढत होते आणि तू पाण्याच्या टाकीआड उभी होतीस, उजव्या हाताने डावं कोपर धरून, लहानपणापासून उभी राहतेस तशी. अंगात तो राखाडी कोट. मी हाक मारली. तू माझ्याकडे नाही, मैदानाकडे पाहिलंस. ती उठून उभी राहिली होती, चालत होती, हातपाय जागेवर होते. तेवढं बघितलंस आणि फाटकाकडे गेलीस. माझ्या हातात ताडपत्री होती, मी ती टाकून तुझ्या मागे येऊ शकत नव्हते. पोर पलीकडे ओरडत होती, "त्याला उठवलं का?" ते तुला ऐकू आलं असणार, ताई. इतक्या लांब नव्हतीस.

तिला हे मी सांगितलेलं नाही. माझं जे होतं ते मी सांगितलं. हे तुझं आहे. तू का आलीस आणि का गेलीस हे मला ठाऊक नाही. कुठूनही उठून निघून जायचं मला चांगलं जमतं, पण तसं जाणं कसं जमतं ते मला कळलेलं नाही.

भाऊजींनी मला पुन्हा जा म्हटलं नाही, रहा पण म्हटलं नाही. मी लीद काढते. वकिलाची जागा रोज झाडते, कोणी सांगितलेलं नाही. मुंगी माझ्याशी कामापुरतं बोलते. पहाटे उठायची सवय मोडत नाही, मग मी मागच्या शेतात एकटीच चढ चढून येते, वेड्यासारखी.

एक राहिलं. ते हातमोजे तिला पहिल्या दिवसापासून लहान होते. तू दोन वर्षांपूर्वीचा हात आठवून घेतले असशील. बोटं वाकायची नाहीत, तरी तिने तेच घालून सराव केला आणि शोलाही तेच घातले. लगाम ओढताना दोन्ही शिवणीत फाटले, म्हणून तळहात सोलवटले. आईला कळवू नको म्हणाली होती. मी आता कोणाचंच काही लपवत नाही, म्हणून कळवते.

नवे पाठवू नकोस. तिच्या हाताचं माप मी लिहिणार नाही. येऊन घे.

भिंगरी